तेलक्षेत्रातील भूजल आपोआप शुद्ध होते का?

तेलविहिरी, साठवण टाक्या किंवा वाहिन्यांच्या परिसरात गळती झाली, की ‘जमिनीतले जीवाणू तेल खाऊन टाकतात, थोडे थांबा’ असा सल्ला ग्राहकांच्या कानावर येतोच. हा सल्ला निराधार नाही, मात्र मोजमाप केल्याशिवाय तो मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कच्च्या तेलातील बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन आणि झायलीन हे घटक पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर पुढे सरकतात आणि जीवाणू त्यांचे विघटन करतात. परंतु १ मिलिग्रॅम बेंझिनच्या पूर्ण विघटनाला सुमारे ३ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि एक लिटर भूजलात तो फार तर ८ ते १० मिलिग्रॅम असतो. त्यामुळे गळतीच्या जागेजवळ ऑक्सिजन लवकरच संपतो आणि त्यानंतर जीवाणूंना नायट्रेट, मँगनीज, लोह व सल्फेट यांवर भागवावे लागते. सरतेशेवटी मिथेन तयार होऊ लागतो. ऑक्सिजन नसताना विघटन बरेच मंदावते, आणि बेंझिन तर विशेष चिवट ठरते.

या बदलांच्या खुणा नमुना घेतानाच दिसू लागतात. निरीक्षण विहिरीतून उपसलेले पाणी आधी नितळ असते, पण हवा लागताच त्यातील विरघळलेल्या लोहामुळे तांबूस होऊ लागते. बेंझिनसाठीची कुपी मात्र काठोकाठ भरून, आत हवेचा एकही बुडबुडा न ठेवता बंद करावी लागते, कारण ते हवेत उडून गेले तर अहवालातील आकडा उगाचच कमी येतो.

बेंझिन घटले म्हणजे त्याचे विघटन झाले, असे नव्हे. तेलाबरोबर वर येणारे पाणी बहुधा खारे असते आणि त्यातील क्लोराइड जीवाणूंना पचत नाही. हे पाणीही त्याच ठिकाणी मुरले असेल आणि प्रवाहाच्या दिशेने क्लोराइड व बेंझिन एकाच प्रमाणात उतरत असतील, तर पाणी केवळ पातळ झाले आहे, असे समजावे.

अमेरिकेतील बेमिजी येथे १९७९ साली वाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले आणि सफाईनंतरही त्यातील अंदाजे ४ लाख लिटर जमिनीत राहिले. तेथे जीवाणूंचे काम अनेक दशके चालू आहे, तरीही तेल संपलेले नाही. म्हणून गळती थांबवणे आणि पाण्यावर तरंगणारे तेल शक्य तितके काढून घेणे, ही कामे आधी करावीत.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, त्याच विहिरींतून आणि त्याच पद्धतीने नमुने घ्यावेत, म्हणजे भूजल पातळीतील ऋतुमानानुसार होणारे चढउतार वेगळे काढता येतात. प्रवाहाच्या दिशेला पिण्याच्या पाण्याची विहीर जवळ असल्यास नैसर्गिक विघटनावर विसंबून राहण्याची शिफारस आम्ही करत नाही.