लावा हातात गप्प बसला म्हणजे माणसाळला असे नाही
जपानी लावे नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पक्षी घरी नेल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्हाला फोन येतो. फार बुजतो, छतावर डोके आपटतो, अंडी बंद झाली, बदलून मिळेल का? विचारपूस केली की बहुतेक घरांतून एकच गोष्ट निघते. पक्षी आला त्याच संध्याकाळी मुलांनी त्याला हातात घेतलेला असतो आणि तो अगदी शांत बसलेला असतो. घरच्यांना वाटते सुरुवात तर छान झाली होती, मग मध्येच काय बिघडले? बिघडलेले असते ते त्याच संध्याकाळी.

लावा हा जमिनीवरचा पक्षी. त्याचे शत्रू वरून येतात, म्हणून वरून येणारा हात त्याच्या लेखी घारच. पळायला जागा असली तर तो सरळ वर उसळतो. पकडला गेला तर निपचित पडतो. हातात घेतलेला नवा लावा नीट पाहा: डोळे अर्धवट मिटलेले, मान आत ओढलेली, पाय ताठ, आणि छातीची धडधड बोटांना जाणवण्याइतकी जोरात. पकडणाऱ्याची पकड सैल व्हावी म्हणून त्याचे शरीर हे आपोआप करते. पक्ष्यांच्या भीतीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ याच गोष्टीचे माप घेतात. पक्ष्याला उताणे धरून हात काढतात आणि तो किती वेळ तसाच पडून राहतो ते मोजतात. जितका जास्त वेळ, तितका तो भित्रा. फ्रान्समध्ये या मापावर निवड करत जपानी लाव्यांचे दोन वेगळे वंश वाढवले गेले, एक लवकर सावरणारा आणि एक बराच वेळ पडून राहणारा. आम्हीही पैदाशीसाठी पक्षी ठेवताना पिंजऱ्यापाशी माणूस आला तरी दाणे टिपत राहणारेच निवडतो. त्याचा फरक पिल्लांत दिसतो, पण पहिल्याच दिवशी दहा जणांनी हाताळले तर तो फरक टिकत नाही.

म्हणून आमची एकच कळकळीची विनंती. पहिले सात दिवस पक्ष्याला हात लावू नका.

या सात दिवसांत काय करायचे? पहिले दोन दिवस फक्त दाणापाणी. पिंजऱ्याच्या तीन बाजू गोणपाटाने किंवा जुन्या चादरीने झाका. एका कोपऱ्यात शिरायला आडोसा द्या. आडवे ठेवलेले खोके चालते, सुकलेल्या झावळीचा तुकडाही चालतो. लपायला जागा दिली तर पक्षी दिसणारच नाही, अशी अनेकांची तक्रार असते. अनुभव उलटा आहे. लपता येते हे कळलेला लावा लवकर बाहेर येतो. जवळ जाण्याआधी हळू आवाजात बोला, दर वेळी तेच शब्द. तिसऱ्या दिवसापासून दाणे घालून झाले की पिंजऱ्याशेजारी खाली बसा. उभा माणूस त्याला फार मोठा दिसतो. नंतर दाराच्या बाजूने, तळाला टेकवून उघडा तळहात आत ठेवा आणि त्यावर काहीतरी आवडते खाणे ठेवा. बारीक चिरलेली तांबडी भाजी (तांबडा माठ), उकडलेल्या अंड्याचा चुरा, भिजवलेली नाचणी, मिळाल्यास वाळवी (मात्र औषध मारलेल्या जागेची नको). हात हलवायचा नाही. पक्षी येऊन टिपू लागला की बोटे मिटण्याचा मोह होतो, तो आवरायचा. बोटे एकदा मिटली की आठवड्याचे काम वाया जाते.

माणसाळला हे ओळखायचे कसे, तर तो तुमच्यासमोर बेफिकीर कामे करू लागतो. मातीत अंग घुसळतो, एक पाय आणि त्याच बाजूचा पंख लांब ताणतो, उन्हाच्या तिरिपीत कुशीवर आडवा होतो. खांद्यावर बसणारा पोपट हवा असेल तर लावा तुमच्यासाठी नाही, हे आम्ही विक्रीआधीच सांगतो. तळहातावर चढून खाणारा आणि तुमचा आवाज ऐकून दाराशी येणारा लावा मात्र नक्की होतो. अगदी लहान पिल्लापासून रोज माणसाच्या सहवासात वाढलेले पक्षी जास्त धीट असतात. आमच्याकडे असे पक्षी थोडेच असतात, त्यासाठी आगाऊ सांगून ठेवावे लागते.

पकडणे अगदीच गरजेचे असेल तर रात्री, दिवा मंद करून पकडा. दोन्ही हात खालून, दोन्ही बाजूंनी न्या, पंख अंगाशी राहू द्या आणि पाय तळहातावर टेकू द्या. पाय धरून किंवा मागे धावून कधीही पकडू नका.

आता पिंजरा. बुजलेला लावा सरळ वर उसळतो. दोन-तीन फूट उंचीच्या लव्हबर्डच्या पिंजऱ्यात त्याला वेग घ्यायला पुरेशी जागा मिळते आणि टाळू फुटते. छत एक फुटापेक्षा खाली असले की वेगच येत नाही. नाहीतर मग माणूस उभा राहील एवढे उंच हवे. मधली उंची सर्वांत वाईट. आमचे पिंजरे बुटके दिसतात, त्यांच्या छताला आतून मऊ जाळी ताणलेली असते आणि दार वर नसून बाजूला असते, त्याचे कारण हेच. घरी पिंजरा असेल तर तो फेकू नका. छत खाली घेऊन जाळी बसवून द्यायचे काम आम्ही करतो, पिंजरा घेऊन या. तळ सपाट हवा, वर भाताचे तूस. दांड्या, झोपाळे काढून टाका, लावे दांडीवर बसत नाहीत. एका पसरट भांड्यात कोरडी माती किंवा बारीक रेती ठेवा.

डोके फुटलेच तर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसा आणि पक्षी वेगळा ठेवा, रक्त दिसले की बाकीचे तिथेच टोचतात. तेल-हळद थापू नका, पिसे चिकटून बसतात. जखम खोल वाटली तर थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

"एक जोडी द्या" ही मागणी रोजची आहे, आणि आम्ही जोडी देत नाही म्हणून काही जण नाराज होऊन जातात. एका नराबरोबर एकच मादी असली की तो तिला दिवसभर छळतो. मानेवरची पिसे जातात, पाठ उघडी पडते आणि ती कायम दबून राहते. एका नरामागे निदान तीन माद्या हव्यात. दोन नर एकत्र ठेवू नका, मारामाऱ्या होतात. एकटा पक्षीही आम्ही देत नाही, कारण कळपातला पक्षी सोबत नसेल तर जास्तच बुजतो. नुसती अंडी हवी असतील तर फक्त माद्या न्या. नर नसला तरी त्या अंडी देतात. पर्वरी, पणजीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आम्ही हेच सुचवतो, कारण नर पहाटे जोरात ओरडतो आणि शेजारी ऐकून घेत नाहीत. छाती तांबूस तो नर, छातीवर काळे ठिपके ती मादी. तीन आठवड्यांनंतर हा फरक दिसू लागतो.

मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते. जागा बदलली किंवा मोठी भीती बसली की अंडी आठवडा-दोन आठवडे थांबतात, कधी मऊ कवचाचे किंवा ठिपके नसलेले अंडे येते. त्यासाठी पक्षी परत आणू नका. पुन्हा प्रवास, पुन्हा नवी जागा, त्याने ती आणखी लांबतात. पहिल्या पंधरा दिवसांत फक्त अंड्यांच्या तक्रारीवर आम्ही पक्षी बदलून देत नाही, ते याच कारणाने. थंडीत दिवस लहान झाल्यावरही अंडी कमी होतात. उजेड चौदा तासांच्या आसपास मिळाला की पुन्हा वाढतात.

गोव्यात राहताना सणांची आठवण ठेवा. चवथीचे फटाके आणि नरकासुराच्या रात्रीचे मोठे आवाज यांनंतर आमच्याकडे जखमी पक्ष्यांचे फोन हमखास वाढतात. त्या रात्री पिंजरा घराच्या आतल्या खोलीत न्या, सगळीकडून हवेशीर कापडाने झाका आणि एक अगदी मंद दिवा लावून ठेवा. पूर्ण अंधारात घाबरलेला पक्षी दिशाहीन उसळतो. दिवाळीच्या आदल्या चार दिवसांत आम्ही पक्षी विकत नाही. भेट म्हणून हवे असले तरी नाही.

पावसाळ्यात तूस लवकर दमट होते. वास डोळ्यांना झोंबला म्हणजे बदलायला उशीर झाला. ओल्या तुसातून हगवणीचे रोग येतात. खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पंधरा दिवसांपुरतेच न्या, बुरशी लागलेले खाद्य कोंबड्यांनाही घालू नका. मे महिन्यात चोच उघडी ठेवून धापा टाकताना दिसला तर सावली, गार पाणी आणि वारा द्या. दमट हवेत ओले गोणपाट फारसे कामाचे नाही, पंखा बरा. खाद्याचे म्हणाल तर नुसते तांदूळ-बाजरी पुरत नाही. पिल्लांना साधारण चोवीस टक्के प्रथिनांचे, मोठ्यांना वीसच्या आसपासचे लागते, आणि अंडी देणाऱ्या मादीला शिंपल्यांचा चुरा. दोन्ही आमच्याकडे सुटे मिळते. पिल्लांच्या पाण्याच्या ताटलीत गोट्या टाका, ती इतकी लहान असतात की उथळ पाण्यातही बुडतात. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, मुलांचे विशेषतः.

काही जण काजूच्या बागेत सापडलेले रानलावे आणून "याला माणसाळवून द्या" म्हणतात. ते आम्ही करत नाही. रानातल्या लाव्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. आमच्याकडचा जपानी लावा वेगळा आहे. जपानात तो आधी आवाजासाठी आणि विसाव्या शतकात अंड्यांसाठी पाळला गेला, भारतात १९७४ साली आणला गेला. रानलावा सापडला तर जिथे सापडला तिथेच सोडा.

पक्षी न्यायला येताना भोके पाडलेले, बुटके पुठ्ठ्याचे खोके आणा, तळाला कापड घाला. पारदर्शक पिशवी किंवा उंच टोपली नको. संध्याकाळी उशिरा आलात तर पक्षी शांत असतात आणि रस्ताही गार असतो. फोन करताना पिंजऱ्याची उंची, किती नर किती माद्या, आणि पक्ष्याला शेवटचा हात कधी लावला, एवढे सांगा. लांबून काढलेला छोटा व्हिडिओ पाठवला तर आणखी बरे, पण व्हिडिओसाठी पिंजऱ्यावर वाकू नका.