सालदार गेला कुठे? खान्देशातल्या रोजगाराची पार्श्वभूमी

खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा दिवाळीच्या तोडीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. त्याच दिवसाच्या आगेमागे शेतकऱ्याच्या ओट्यावर आणखी एक गोष्ट व्हायची: सालदार, म्हणजे वर्षभरासाठी बांधून घेतलेला शेतमजूर, ठरायचा. वर्षाची रोख रक्कम किती, धान्य किती, कपडे आणि पायताण कोणतं, आगाऊ पैसे किती, सगळं तोंडी. जुना सालदार मोकळा व्हायचा आणि नवा धरला जायचा. शेतकी वर्षाची सुरुवात पंचांगाने पाडव्याला होत असेल, पण खान्देशातल्या मजुराचं वर्ष आखाजीला बदलायचं.

आता गावोगावी एकच तक्रार ऐकू येते. सालदार मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, आणि ‘पोरं सुरतेला गेली’. या तक्रारीत आळशीपणाचा आरोप दडलेला असतो. तो मला पटत नाही. माणसं का गेली हे समजून घ्यायचं तर दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं, कारण इथून आधी माणूस नव्हे, कापूस गेला.

तापीच्या दोन्ही तीरांची काळी जमीन कापसाला मानवणारी. मोगल काळात सुभ्याचं ठाणं असलेलं बुऱ्हाणपूर कापडासाठी नावाजलेलं होतं आणि तिथला माल सुरतेच्या बंदराकडे जाताना खान्देशातून जायचा. नंदुरबार हे त्या वाटेवरचं भरभराटीचं पेठेचं गाव. म्हणजे सुरतेशी नातं आजचं नाही. पण त्या वाटेवरून जायचं ते बहुतांशी तयार कापड. पिंजणारा, कातणारा, विणणारा, रंगवणारा असे अनेक हात त्यावरून फिरलेले असायचे.

पेशवाईच्या अखेरीस हा मुलूख होळकरांच्या धामधुमीने, पेंढाऱ्यांनी आणि दुष्काळाने पार उजाड झाला. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि तिथे व्यापारी वसवले. सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल या सत्तेला वर्षानुवर्षं झुंजवत राहिले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावात भिल्लांची पलटण उभी केली, पाठोपाठ जमीन कसायला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, दिली गेली. हेतू बंदोबस्ताचाच होता. तरी खान्देशातल्या आदिवासीला त्यातून पगारी नोकरी मिळाली, ही नोंद इथे हवी. पुढे १८५२ मध्ये सावदा, यावल, फैजपूर भागात शेतसाऱ्यासाठीच्या जमीन मोजणीविरुद्ध शेतकरी हजारोंनी गोळा झाले. साऱ्याचा आकडा रोखीत ठरला की रोख मिळवून देणारं पीक लावावंच लागतं, ही शेतकऱ्याची नड तेव्हापासूनची.

त्या नडीला रेल्वेने मोठी वाट करून दिली. १८६० च्या दशकात मुंबईची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगावमार्गे भुसावळला पोचली. त्याच सुमाराला, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता. भाव चढले. खान्देशातला आखूड धाग्याचा देशी कापूस बैलगाड्यांनी स्टेशनांवर येऊ लागला. सरकारने वऱ्हाडी आणि धारवाडकडचं अमेरिकन बियाणंही लावून पाहायला लावलं. युद्ध संपताच भाव कोसळले, सावकाराच्या वहीतले आकडे मात्र तसेच राहिले.

कापूस रेल्वेने न्यायचा तर तो आधी दाबून गाठी बांधायला हव्यात, आणि त्याआधी सरकी काढायला हवी. पूर्वी हे काम घरोघरी बाया रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या हातयंत्रावर, करत. आता स्टेशनालगत वाफेच्या जिन आणि प्रेस उभ्या राहिल्या. खान्देशातला पहिला कारखानदारी रोजगार हाच. जळगाव, धरणगाव, अमळनेर, धुळे, पाचोरा या गावांचा आजचा नकाशा पाहिला तरी स्टेशनाजवळ जिनांची मोठाली आवारं आणि त्यांची धुराडी यांची जागा ओळखू येते. काम हंगामी होतं, दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यात संपणारं. जिनांवर कापूस घालायला बाया, गाठी उचलायला हमाल. त्यामुळे शेतमजुराला दिवाळीनंतरचे काही महिने गावाजवळ रोख मजुरी मिळू लागली. पण घरातला रेचा बंद पडला आणि त्यावरची बाईची कमाईही गेली. आधीचं काम मोडून नवं काम येतं, ते सहसा वेगळ्याच हातांना मिळतं.

यापुढची पायरी सूतगिरणीची. १८७० च्या दशकात जळगावात खान्देश मिल उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रताप शेठजींनी अमळनेरला प्रताप मिल काढली. धुळ्यात आणि चाळीसगावातही गिरण्या आल्या. खान्देशचा कापूस खान्देशातच सूत आणि कापड होऊ लागला, तो हा काळ. माझ्या लेखी या प्रदेशाच्या रोजगाराच्या इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा टप्पा आहे. गिरणीने बाराही महिने पगार दिला, चाळी वसवल्या, आणि त्यासोबत शाळा आल्या. अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावात १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहू शकलं ते प्रताप शेठजींच्या पैशावर. त्यांच्याच नावाच्या शाळेत १९२४ ते १९३० साने गुरुजी शिकवत होते, आणि पुढे गुरुजींनीच गिरणी कामगार आणि शेतकरी दोघांचे प्रश्न हाती घेतले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथल्या शेतीविषयक कार्यक्रमात सारा आणि कर्ज कमी करण्याबरोबर शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी ही मागणीही होती. ओट्यावर तोंडी ठरणारा सालदाराचा आकडा तेव्हा पहिल्यांदा देशाच्या व्यासपीठावर पोचला.

अमळनेरची आणखी एक गोष्ट. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढण्यासाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदवली. खान्देशात भुईमूग पिकत होता, गिरणीमुळे कामगारवस्ती होती, रेल्वे होती. तीच कंपनी पुढे विप्रो झाली. सुरुवातीच्या काळात शेअर घेऊन ठेवलेली अमळनेरची कुटुंबं त्यातून सुखवस्तू झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीचा संगणकाचा सगळा पसारा मात्र बंगळूरला वाढला. अमळनेरच्या मुलाला त्या कंपनीत जायचं तर गाव सोडावं लागतं.

कापडगिरण्यांचं पुढे काय झालं हे नव्याने सांगायला नको. जुनी यंत्रं, यंत्रमागाची स्पर्धा, मालकांची उदासीनता. धुळे आणि चाळीसगावच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, तरी टिकल्या नाहीत. जळगावात खान्देश मिलच्या जागेवर आता व्यापारी संकुल आहे. दरम्यान १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. शेतकऱ्याला त्यातून हमीचा भाव मिळाला खरा, पण चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, थकू लागले आणि योजना तोट्यात गेली. २००२ च्या सुमारास ती संपली आणि त्याच वर्षी बीटी कापसाला परवानगी मिळाली. उत्पादन वाढलं, जिनिंग पुन्हा जोरात चालली. पण रुईच्या गाठी इथून बाहेरच जातात. सूत आणि कापड दुसरीकडे होतं. फिरून पहिल्या जागी आलो.

कापसाखेरीजची एक मोठी वाट भुसावळने दाखवली. रेल्वेचं जंक्शन, लोको शेड, वसाहती, १९४९ ची आयुध निर्माणी, मग वरणगावची निर्माणी, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. सरकारी नोकरी म्हणजे काय ते पूर्व खान्देशाने भुसावळमध्ये पाहिलं. १९७४ च्या रेल्वे संपाच्या आठवणी तिथल्या जुन्या कुटुंबांत अजून निघतात. पश्चिमेला असं ठाणं झालं नाही. १९०६ मध्ये जिल्हा पूर्व आणि पश्चिम असा दुभंगला, त्यातला पश्चिम भाग मागेच राहिला, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला तेव्हा त्याच्या वाट्याला डोंगर, धरणग्रस्त आणि स्थलांतर आलं.

पाण्याची गोष्ट मात्र वेगळी. पश्चिमेकडच्या साक्री भागात पांझरेवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे: नदीवर बंधारा, त्यातून पाट, शिवाराचे फड, म्हणजे भाग, पाडलेले आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला धान्यात. गावाने स्वतःच नोकऱ्या निर्माण करून स्वतःच पोसल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तापीच्या उत्तरेला, रावेर-यावल-चोपड्यात, विहिरींच्या आणि पुढे विजेच्या पंपांच्या बळावर केळी आली. मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन लागवडींमुळे केळी बाराही महिने काम देते. कापणारे, घड वाहणारे, गाड्या भरणारे यांच्या टोळ्याच तयार झाल्या. सावदा, रावेर, निंभोऱ्याहून रेल्वेच्या वाघिणी दिल्लीकडे जात. नवती (नव्या लागवडीची केळी) आणि पिलबागेचे (जुन्या खोडाच्या पिलांवरच्या केळीचे) भाव पेपरात वाचून घरातलं लग्न ठरवणारी माणसं इथे आहेत. १९६३ मध्ये रॉकेल विकण्यापासून व्यवसाय सुरू करणाऱ्या भवरलाल जैन यांनी पपेन (पपईच्या चिकापासूनचा पदार्थ), पीव्हीसी पाइप, ठिबक आणि मग उतिसंवर्धित केळीची रोपं असा टप्प्याटप्प्याने उद्योग जळगावात वाढवला. शेतीला लागणारं सामान शेतीच्याच प्रदेशात बनवावं, ही त्यातली खरी कल्पना. पाइप, चटई, डाळ मिल हे जळगावचे आजचे उद्योग. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी वेफर आणि पावडरीचे छोटे उद्योग सोडले तर केळीही बव्हंशी घडाच्या रूपातच बाहेर जाते.

साखर कारखान्यांबद्दल थोडक्यात. शहाद्याचा सातपुडा तापी परिसर, फैजपूरचा मधुकर, साक्रीचा पांझराकान, चाळीसगावचा बेलगंगा. सहकाराचं मोठं स्वप्न होतं. ऊस कमी, कर्ज जास्त, आणि त्यातले बरेच बंद पडले. कामगारांची देणी वर्षानुवर्षं रखडली.

आता सालदाराकडे. शहादा-तळोद्याच्या सपाटीवरची भिल्लांची जमीन कर्जापोटी हातून जात राहिली आणि जमिनीचा धनी त्याच जमिनीवर सालदार झाला. १९७२ च्या आसपास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने याविरुद्ध चळवळ उभारली: जमिनी परत करा, सालदाराचा आकडा वाढवा, मारहाण थांबवा. बाया दारूबंदीसाठी पुढे आल्या. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा, त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता. १९७२ च्याच दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला. खडी फोडण्याचं का होईना, मालकाशिवायचं काम मिळू शकतं हे सालदाराला तेव्हा कळलं. ओट्यावरची बोलणी त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाहीत.

आणि सुरत? १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत, नंदुरबार, अमळनेर, जळगाव एका रुळावर आणलं. मार्ग टाकला तो कापूस आणि धान्यासाठी. स्वातंत्र्यानंतर सुरतेत यंत्रमाग, रंगाई-छपाई आणि हिऱ्यांचं काम वाढलं, दक्षिण गुजरातेत साखर कारखाने उभे राहिले, आणि त्याच रुळांवरून माणसं जाऊ लागली. आज उधना, लिंबायत, पांडेसरा भागात खान्देशची अहिराणी बोली सर्रास ऐकू येते. अमळनेर, पारोळा, शिरपूरची मुलं मागावर, दुकानावर, रिक्षावर. नंदुरबार-धुळ्याचे भिल्ल ऊसतोडीला. मुकादम पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, दिवाळीनंतर टोळी निघते ती आखाजीच्या सुमारास परतते. तोडीचे पैसे उचलीत वळते होतात आणि पुढच्या वर्षीसाठी पुन्हा उचल घ्यावी लागते. मुलांची शाळा या चक्रात सुटते. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. इथल्या कित्येक पाड्यांवर हिवाळ्यात म्हातारी माणसंच दिसतात ती यामुळे. २०२० च्या टाळेबंदीत नवापूरच्या वाटेने चालत येणारे जथे पाहिल्यावर किती माणसं गेलेली होती याचा अंदाज आला. टाळेबंदी उठली तशी बहुतेक परत गेली.

रिकामी झालेली जागा दुसऱ्यांनी भरली. चोपडा, यावल, रावेरच्या शेतांवर आज राखणीला आणि केळीच्या कामाला सातपुड्यातली, मध्य प्रदेशातून उतरलेली पावरा आणि बारेला आदिवासी कुटुंबं असतात. त्यांना शेतातच झोपडी मिळते. त्यांची मुलंही शाळेपासून तितकीच लांब आहेत. कापूस वेचणी अजून बायांच्याच हातात, किलोच्या दराने. धडगाव-मोलगीच्या बाया कैऱ्या वाळवून आमचूर करतात आणि बाजारात आणतात, पण दळण आणि पाकिटबंद होणं पुढच्या शहरात.

फेब्रुवारी २०१९ मध्ये उधना-जळगाव मार्गाचं दुहेरीकरण लोकार्पण झालं आणि भुसावळ-वांद्रे खान्देश एक्स्प्रेस सुरू झाली. २०२४ मध्ये मनमाड-इंदूर मार्गाला केंद्राने मंजुरी दिली, तो धुळे-शिरपूरवरून जाणार आहे. नरडाणा आणि नवापूरच्या औद्योगिक वसाहतींचा विस्तार याच वाहतुकीच्या भरवशावर मांडला जातो. नवापुरात सुरतेहून काही कापड उद्योग आलेही आहेत, आणि तिथे मागावर बसलेला कामगार बऱ्याचदा सुरतेत काम शिकून परतलेला असतो.