रेकॉर्ड केलेलं व्याख्यान आणि वर्गातला तास

व्हिडिओवरून शिकवणं आपल्याकडे लॉकडाऊनपासून सुरू झालं, असं समजलं जातं. पण 1975-76 मध्येच उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले होते. 15 ऑगस्ट 1984 पासून दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी प्रसारण सुरू झालं. मात्र ठरल्या वेळीच टीव्हीसमोर बसावं लागे आणि न कळलेला भाग मागे नेता येत नसे.

ती सोय एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या राष्ट्रीय उपक्रमाने केली. 2003 पासून आयआयटी आणि आयआयएससीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं रेकॉर्ड होऊ लागली, एका विषयाची साधारण 40. इंटरनेट रखडत चालणारी महाविद्यालयं ती हार्ड डिस्कवर उतरवून घेत.

2007 च्या सुमारास अमेरिकेतल्या कोलोरॅडोत रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी तास बुडणाऱ्या मुलांसाठी धडे रेकॉर्ड केले. पुढे सगळ्याच मुलांनी ते घरी पाहायचे आणि वर्गात उदाहरणं सोडवायची, असं ठरलं. फ्लिप्ड क्लासरूमचा बोलबाला झाला तो यानंतर. या पद्धतीचा जीव त्या मोकळ्या झालेल्या तासात आहे. थर्मोडायनॅमिक्सचं उदाहरण सोडवताना काम वायूने केलं की वायूवर झालं, यात गोंधळून विद्यार्थिनी उणे चिन्हाऐवजी अधिक चिन्ह लिहिते. बाकांमधून फिरणाऱ्या शिक्षकाला ते वहीत तिथल्या तिथे दिसतं. स्क्रीनवरच्या प्राध्यापकाला दिसत नाही.

म्हणूनच 2016 चा नियम नीट पाहायला हवा. स्वयम या सरकारी व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांचं क्रेडिट महाविद्यालयांनी द्यावं, एका सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांच्या 20 टक्क्यांपर्यंत, असं नियामक संस्थेने ठरवलं. हेतू चांगला होता. ज्या तालुक्याच्या महाविद्यालयात एखादा विषय शिकवणारं कोणी नाही, तिथल्या मुलांनाही तो घेता यावा. महाविद्यालयाने मार्गदर्शनासाठी शिक्षक नेमावा, हेही त्यात होतं. पण भरती रखडलेली, निम्मे तास घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, अशा ठिकाणी हा मार्गदर्शक कागदावरच राहण्याची भीती होती. विषय वेळापत्रकातून गेला की वर्कलोड, म्हणजे शिकवण्याच्या तासांचा भार, घटतो आणि वर्कलोड घटला की पदाची मागणीही टिकत नाही. प्राध्यापकांनी या नियमाला विरोध केला, तो नोकरीच्या काळजीतून होता, हे खरं. तरी त्यात विद्यार्थ्यांचं हितही होतं. फ्लिप्ड पद्धतीत व्हिडिओ पाहिल्यावर शिक्षक भेटतो. इथे व्हिडिओ संपला की थेट असाइनमेंट आणि परीक्षा.

मार्च 2020 नंतर शिक्षकांनी मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर टेकवून व्याख्यानं रेकॉर्ड केली. वर्षभरात, 2021 मध्ये, स्वयमच्या अभ्यासक्रमांची ती मर्यादा 20 वरून 40 टक्के झाली. मुलांच्या शंकांसाठी लागणारा तास कोणाच्या वर्कलोडमध्ये धरायचा, यावरचा वाद मात्र मिटलेला नाही.