गो : खेळ व त्याचे अध्ययन

रेषा आखलेल्या पटावर काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्यांनी दोघांनी खेळायचा प्राचीन बैठा खेळ. उगम चीनमधला. तिथे त्याला वेइची, कोरियात बादुक आणि जपानमध्ये इगो म्हणतात. त्याच्या शिकवणीची एक गोष्ट इ. स. पू. चौथ्या शतकातला चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस सांगतो. यी च्यू हा त्या काळचा निष्णात खेळाडू दोघांना शिकवतो. एकाचे सगळे लक्ष गुरूकडे, दुसरा ऐकतो खरा, पण मनातल्या मनात आकाशातून येणाऱ्या हंसावर बाण लावून बसलेला. बुद्धी दोघांना सारखीच असली, तरी दुसरा मागे पडणारच, असे मेन्शियसचे म्हणणे.

पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषा असतात. सोंगटी चौकोनात नव्हे, तर रेषा जिथे छेदतात त्या ३६१ बिंदूंपैकी एखाद्यावर ठेवायची; ठेवली की ती सरकत नाही. पहिली चाल काळ्याची. सोंगटीला रेषेने लागून असलेले रिकामे बिंदू म्हणजे तिच्या मोकळ्या जागा : पटाच्या मध्यात चार, कडेला तीन, कोपऱ्यात दोन. एकाच रंगाच्या लगतच्या सोंगट्यांची साखळी बनते आणि तिच्या मोकळ्या जागाही सामाईक होतात. प्रतिपक्षाने त्या सगळ्या बुजवल्या की अख्खी साखळी पटावरून उचलली जाते. एकच मोकळी जागा उरली असेल, तर साखळी ‘आतारी’त आहे असे म्हणतात. दोघे एकमेकांची एकेक सोंगटी आळीपाळीने मारत राहिले, तर डाव संपायचाच नाही. म्हणून ‘को’चा नियम : अशी सोंगटी लगेच उलट मारता येत नाही, मध्ये एक चाल दुसरीकडे खेळावी लागते. दोघांनी लागोपाठ चाल सोडली की डाव संपतो आणि ज्याचा प्रदेश, म्हणजे आपल्या सोंगट्यांनी वेढलेला पटाचा भाग, मोठा तो जिंकतो. पहिल्या चालीच्या फायद्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला ‘कोमी’ मिळते. जपानमध्ये ती ६.५, तर चीनमध्ये ७.५ गुणांची असते.

एवढे समजायला अर्धा तास पुरतो. अडचण पुढे आहे. बुद्धिबळात नवशिक्याला निदान राजा कुठे आहे हे तरी दिसते. इथे पट रिकामा आणि सगळ्या सोंगट्या सारख्याच. त्यामुळे १९ रेषांच्या पटावर सुरुवात करणारा बहुधा वाटेल तिथे सोंगट्या टाकतो आणि आपण का हरलो हेही त्याला कळत नाही. सुरुवात ९ रेषांच्या पटावर करावी आणि पुढे १३ रेषांच्या पटावर जावे. अगदी पहिल्या डावांसाठी ‘आतारी गो’ नावाचा सोपा प्रकार आहे : जो आधी सोंगटी मारेल तो जिंकला. मोकळ्या जागा मोजण्याची सवय त्याने पटकन लागते. पण त्यात फार काळ रमू नये, कारण मग मारणे हेच खेळाचे उद्दिष्ट वाटू लागते. मोजणीसाठी नवख्यांना चिनी पद्धत सोयीची. तीत आपल्या पटावरच्या सोंगट्या आणि वेढलेले बिंदू दोन्ही मोजतात. एखादी साखळी मेली की नाही याबद्दल वाद झाला, तर ती प्रत्यक्ष मारून दाखवता येते. जपानी पद्धतीत मात्र स्वतःच्या प्रदेशात सोंगटी टाकली की गुण घटतो.

खेळाचा खरा गाभा जीवन-मरणाचा. चहूबाजूंनी वेढलेल्या साखळीच्या पोटात दोन वेगवेगळे ‘डोळे’, म्हणजे रिकाम्या जागा, असतील, तर ती मारता येत नाही : प्रतिपक्ष एका चालीत एकच डोळा बुजवू शकतो आणि दुसरा उघडा असेपर्यंत ती चालच अवैध ठरते. वरवर डोळा दिसणारी काही जागा ‘खोटी’ असते. तिच्याभोवतीच्या सोंगट्या एकमेकींना नीट जोडलेल्या नसतात आणि अखेर ती स्वतःलाच बुजवावी लागते. हा फरक नजरेत बसायला ‘त्सुमेगो’ ही कोडी सोडवतात. सोंगट्या न मांडता, नुसत्या डोळ्यांनी चाली पुढे वाचायच्या. सोपी कोडी भरपूर सोडवणे हे एखाद्या अवघड कोड्यावर तासभर अडून बसण्यापेक्षा नवशिक्याला जास्त उपयोगी. ‘शिचो’ म्हणजे शिडी हाही वाचनाचाच धडा. पळणाऱ्या सोंगटीला दर चालीला आतारी देत तिरकस कडेपर्यंत नेतात. वाटेत तिच्या रंगाची एखादी सोंगटी आधीच बसलेली असेल, तर सगळा पाठलाग उलटतो.

कोपऱ्यातल्या ठरीव चालींना ‘जोसेकी’ म्हणतात. त्या लवकर पाठ करण्याचा मोह टाळलेला बरा. प्रतिपक्षाने ठरीव वाट सोडली की पाठांतरवाल्याला त्या चुकीची शिक्षा देता येत नाही.

गोची एक व्यवस्था मात्र शिकणाऱ्याला फारच अनुकूल आहे. दुबळ्या खेळाडूला दोनपासून नऊपर्यंत सोंगट्या आधीच ठेवू देतात. हौशी खेळाडूंची श्रेणी साधारण ३० क्यूपासून (क्यू म्हणजे शिकाऊ श्रेणी) उतरत १ क्यूपर्यंत येते आणि तिथून दान या वरच्या श्रेणीच्या पायऱ्या चढू लागतात. ढोबळमानाने एका श्रेणीच्या फरकाला एक सोंगटी. त्यामुळे गुरू-शिष्यांचा डावही चुरशीचा होतो. डाव संपल्यावर तो पहिल्या चालीपासून पुन्हा मांडून चर्चा करण्याची रीत आहे.

जपानमध्ये एदो काळात (१६०३–१८६८) होनइन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी या गो शिकवणाऱ्या चार घराण्यांना शोगुनांचा, म्हणजे लष्करी शासकांचा, आश्रय होता आणि शिष्य गुरूच्या घरी राहून शिकत. २०१६ च्या मार्चमध्ये सोलमध्ये आल्फागो या संगणक प्रणालीने ली सेडोल या कोरियन व्यावसायिक खेळाडूला ४-१ ने हरवले, त्यानंतर शिक्षणाचे साधनच बदलले. कोपऱ्यातल्या ताराबिंदूवरील (दोन्ही कडांपासून चौथ्या रेषांच्या छेदावरील) सोंगटीखाली ३-३ च्या, म्हणजे दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेषांच्या, बिंदूवर डावाच्या आरंभीच घुसणे ही पूर्वी नवशिक्यांची खोड समजली जाई, कारण त्याने प्रतिपक्षाला बाहेरच्या बाजूने भक्कम भिंत मिळते. संगणकाने ती चाल खेळून दाखवल्यावर व्यावसायिकही ती सर्रास खेळू लागले. कातागोसारख्या मोफत प्रणाली आता प्रत्येक चालीमागे जिंकण्याची शक्यता टक्क्यांत सांगतात. चाल का चुकली हे त्या सांगत नाहीत. ते अजूनही वरच्या श्रेणीच्या खेळाडूलाच विचारावे लागते.