हसबनीस (आडनाव)

हसबनीस : एक विरळ मराठी आडनाव. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस, कारखानीस, वाकनीस या हुद्देदर्शक आडनावांच्या वर्गात ते मोडते. या वर्गातील बहुतेक नावांचा अर्थ उघड आहे. हसबनीस या नावाचे उत्तरपद तसेच स्पष्ट असले, तरी ‘हसब’ या पूर्वपदाविषयी एकमत नाही. विभक्तिप्रत्यय लागताना नावातील ‘नी’ ऱ्हस्व होतो (हसबनिसांचा, हसबनिसांकडे).

उत्तरपद : ‘नीस’ हे फारसी ‘नवीस’ या पदाचे मराठी रूप असून त्याचा अर्थ लिहिणारा. मूळ फारसी धातू ‘नविश्तन’ म्हणजे लिहिणे. बोलण्यात मधला ‘व’ पुसट होत गेला आणि नवीस–नईस–नीस असा क्रम घडला असावा. हे पद मराठीत बहमनी राजवटीच्या (स्थापना १३४७) आणि तिच्यातून फुटलेल्या शाह्यांच्या दप्तरांतून आले, याविषयी फारसा वाद नाही. मात्र कोणता हुद्दा नेमका कोणत्या शतकात रूढ झाला हे प्रत्येक नावागणिक वेगळे पाहावे लागते.

या वर्गातील नावांचे ध्वनिनियम बरेच काटेकोर आहेत, आणि हसबनीस या नावाची चर्चा करताना ते हाताशी असणे आवश्यक आहे. पूर्वपदाच्या शेवटी मूर्धन्य (ट, ड यांसारखा जीभ वर वळवून उच्चारला जाणारा) वर्ण असेल, तर पुढचा ‘न’ही मूर्धन्य होतो : फड–फडणीस, चिट–चिटणीस, कोट–कोटणीस, गड–गडणीस. अन्यत्र दन्त्य ‘न’ टिकतो : पोतनीस, सबनीस, पारसनीस, वाकनीस, सुरनीस. पूर्वपदाच्या शेवटी आधीच ‘न’ किंवा ‘ण’ असेल, तर दोन अनुनासिकांपैकी एक गळतो. कारखाना–कारखानीस आणि टिपण–टिपणीस ही त्याची उदाहरणे. पूर्वपदाच्या अखेरीस दीर्घ स्वर असल्यास तो गळतो (पागा–पागनीस) किंवा बदलून मागे राहतो (जमा–जमेनीस). हुद्द्याच्या अधिकाराला किंवा कामाला ‘निशी’ म्हणत : फडणिशी, सबनिशी, चिटणिशी.

पूर्वपद : ‘हसब’ची उपपत्ती तीन प्रकारे लावता येते.

पहिल्या मतानुसार मूळ शब्द ‘हशम’ होय. अरबीत त्याचा अर्थ परिवार, नोकरचाकर, लवाजमा. दिल्लीच्या सुलतानांच्या काळातील फारसी लेखनात तो सैन्य या अर्थी येतो, तर मोगल व्यवस्थेत ‘अहशाम’ हे त्याचे अनेकवचन पायदळ व किल्ल्यावरील शिबंदी (पहाऱ्याची फौज) यांना लावले जाई. मराठी कागदपत्रांत ‘हशम’ म्हणजे पायदळाचा शिपाई, विशेषतः गडकोटांवरील. हशमांची नोंद ठेवणारा तो हशमनवीस, त्याचे हशमनीस, आणि पुढे उच्चार सोपा होत हसबनीस. ‘श’चा ‘स’ होण्यात अवघड काही नाही. मोडी कागदांत एकाच शब्दात हे दोन वर्ण आलटून पालटून येतात. खरी अडचण ‘म’च्या जागी ‘ब’ येण्याची आहे.

दुसरे मत ‘हिसाब’ या शब्दाकडे बोट दाखवते. हिसाबनवीस म्हणजे हिशेब लिहिणारा. यात ‘ब’ मुळातच असल्याने पहिल्या मतातील अडचण उरत नाही, आणि ऐकताक्षणी ते पटतेही. परंतु येथे स्वरांचा हिशेब जुळत नाही. ‘हिसाब’चा मराठीत ‘हिशेब’ झाला. त्यात पहिला इकार टिकला, ‘स’चा ‘श’ झाला आणि दुसरा स्वर ‘ए’ झाला. या शब्दाला नीस लागून होणारा ‘हिशेबनीस’ हा शब्द मराठीत स्वतंत्रपणे आहे आणि संस्थांच्या व पेढ्यांच्या कारभारात आजही वापरला जातो. एकाच जोडणीतून एकीकडे हिशेबनीस आणि दुसरीकडे दोन्ही स्वर गमावलेला हसबनीस, अशी दोन रूपे निघाली असे मानण्यासाठी मधली रूपे दाखवावी लागतील.

तिसरे मत ‘हस्ब’ या अरबी शब्दावर उभे आहे. त्याचा अर्थ ‘प्रमाणे’, ‘अनुसार’. मोगल दरबारात बादशहाच्या आज्ञेवरून वजिराने किंवा अन्य वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतःच्या मोहरेने धाडलेल्या पत्राला हस्बुल्हुकूम म्हणत. अशी पत्रे लिहिणारा तो हस्बनवीस, असे हे मत. ध्वनींच्या दृष्टीने तिन्हींत हेच सर्वांत सरळ आहे, कारण हुक्म–हुकूम, वक्त–वखत यांप्रमाणे जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घालणे ही मराठीची नित्याची रीत आहे. उणीव आहे ती हुद्द्याची. हा लेखनप्रकार बादशाही दरबाराचा. दख्खनच्या परगण्यांत किंवा गडांवर केवळ त्यासाठी वंशपरंपरेचा लेखक नेमला जाण्याचे कारण दिसत नाही. शिवाय नीसान्त नावांच्या पूर्वपदी खाते, जागा किंवा लिहिण्याचा विषय येतो (फड, पोत, कोट, कारखाना, पागा). ‘प्रमाणे’ अशा अर्थाचे अव्यय तेथे येणे या वर्गाच्या घडणीशी विसंगत आहे.

म्हणून हशम हे मूळ अधिक संभवनीय वाटते. ‘म’चा ‘ब’ कसा झाला, याचे उत्तर पुढच्या ‘नी’मध्ये शोधावे लागेल. हशमनीस म्हणताना ‘म’ आणि ‘न’ हे दोन अनुनासिक लागोपाठ येतात. त्यांपैकी पहिल्याचे अनुनासिकत्व गेले, तर ओठ मिटूनच होणारा ‘ब’ उरतो. जमेनीस या नावात ‘म’ टिकला, कारण तेथे ‘म’ आणि ‘न’ यांच्यामध्ये स्वर आहे. सबनीस हे नाव ‘सफ्’ (रांग, सैन्याची ओळ) या शब्दावरून आले असे एक मत आहे. ते ग्राह्य धरले, तर नीसपूर्वी ओष्ठ्य (ओठांनी उच्चारल्या जाणाऱ्या) वर्णाचा ‘ब’ होण्याचे आणखी एक उदाहरण मिळते. मात्र सबनीसची ही व्युत्पत्तीही निर्विवाद नसल्याने तिच्यावर फार भार टाकता येत नाही.

हुद्दा : हशम या मूळावर एक ऐतिहासिक आक्षेप येतो. कृष्णाजी अनंत सभासदाने इ. स. १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजारामाच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीत शिवकालीन पायदळाची रचना दिली आहे. नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी ती उतरंड असून जुमलेदार व हजारी यांच्या दिमतीस लिहिणारा म्हणून सबनीस येतो. गडावरही हवालदार, सरनौबत, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी दिसतात. पायदळाचा लेखक सबनीस असेल, तर हशमनिसाला काम कोणते उरते?

या आक्षेपाने मत बाद होते असे नाही. एकाच कामाला वेगवेगळ्या राजवटींत आणि प्रांतांत वेगळी नावे असणे हे दख्खनच्या कारभारात नित्याचे आहे; आदिलशाही किंवा निजामशाही मुलखातील जुना हुद्दा वतनरूपाने एखाद्या घराण्यात टिकला आणि स्वराज्यातील नवी नावे त्याच्या शेजारी नांदली, असे होऊ शकते. सबनीस तुकडीबरोबर असे आणि हशमनीस दप्तरात बसून अनेक तुकड्यांचे कागद एकत्र करी, अशीही विभागणी संभवते. काम कोणत्याही नावाने केले तरी त्याचे स्वरूप सारखेच राहणार : हजिरीपट ठेवणे, गैरहजेरीचे दिवस वजा करणे, रोजमुऱ्याची (पगाराची) रक्कम काढणे, आलेल्या–गेलेल्या शिपायांची नावे गाववार लिहिणे. लढाईच्या वर्णनांत हा माणूस येत नाही, पण शिपायाच्या हाती पगार पडायचा तो याच्या लेखणीवरून.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी (१६७४) वरिष्ठ हुद्द्यांची फारसी नावे बदलून संस्कृत नावे देण्यात आली. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत झाला. हा बदल अष्टप्रधानांपुरता ठळकपणे झाला. खालच्या पायरीवरील लेखकवर्गाची फारसी नावे व्यवहारात चालूच राहिली. नीसान्त आडनावांपैकी बरीचशी या खालच्या आणि मधल्या पायरीवरील हुद्द्यांची आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हुद्द्यापासून आडनावाकडे : हुद्दा वंशपरंपरेने चालू लागला की घराण्याचे जुने उपनाव मागे पडते. बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे. चिटणिशीमुळे त्यांचे घराणे चिटणीस झाले. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आज्ञेने बाळाजींना देहदंड झाला, तरी चिटणिशी त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांच्याकडे चालू राहिली आणि नावही टिकले. नाना फडणीस म्हणून प्रसिद्ध असलेले बाळाजी जनार्दन (१७४२–१८००) मूळचे भानू. ही उदाहरणे मोठ्या घराण्यांची असल्याने त्यांचे कागद टिकले. हसबनीस घराण्यांच्या बाबतीत जुने उपनाव शोधायचे, तर कुलोपाध्याय, तीर्थक्षेत्रांतील पुरोहितांच्या वह्या आणि इनामांच्या चौकशीचे कागद हेच मार्ग उरतात. हुद्दा सतराव्या शतकात किंवा त्यापूर्वी अस्तित्वात आला असावा; तो आडनाव म्हणून स्थिर होण्याची क्रिया अठराव्या शतकात सुरू होऊन एकोणिसाव्या शतकातील शाळा–कचेऱ्यांच्या नोंदींनी पुरी झाली असावी.

त्यामुळे समान आडनाव म्हणजे समान कुळ असे या वर्गात धरता येत नाही. हुद्दा एकच, पण तो वेगवेगळ्या गडांवर वेगवेगळ्या घराण्यांना मिळे. फडणीस, सबनीस, चिटणीस ही नावे एकाहून अधिक जातींत व गोत्रांत आढळतात ती यामुळेच. हसबनीस नावाच्या दोन घरांचा संबंध गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव जुळल्याखेरीज गृहीत धरू नये.

विरळपणाची कारणे : चिटणीस, फडणीस यांच्या तुलनेत हे आडनाव इतके कमी का, याचे कारण हुद्द्याच्या आयुष्यात असावे. पत्रलेखन व जमाखर्च प्रत्येक संस्थानाला लागे, म्हणून चिटणिशी आणि फडणिशी पेशवाईनंतरही अनेक दरबारांत चालू राहिल्या. चिटणीस हा शब्द तर आजही संस्था व पक्षांच्या पदाधिकाऱ्यांना लावला जातो. हशमांचे तसे झाले नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांच्या मैदानी पायदळात कवायती गारदी, अरब, पुरभय्ये (उत्तर हिंदुस्थानाच्या पूर्व भागातील शिपाई) यांची संख्या वाढली. इब्राहिमखान गारद्याची पानिपतावरील (१७६१) पलटण हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण. जुन्या पद्धतीचे हशम मुख्यतः गडांवर उरले, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेतल्यावर त्यांची शिबंदीच मोडली. ज्या खात्यावर नाव आधारलेले ते खातेच संपल्याने नवी घराणी या नावाखाली येण्याचा मार्ग बंद झाला.

प्रसार : भारताच्या जनगणनेत आडनाववार आकडे प्रसिद्ध होत नाहीत. त्यामुळे कोणत्याही मराठी आडनावाचा विस्तार मतदारयाद्या, जुन्या दूरध्वनी सूच्या आणि स्थळनामे यांवरूनच अजमावला जातो. हसबनीस हे नाव पुण्याच्या जुन्या पेठांच्या भागात ‘हसबनीस बखळ’ या स्थळनामात टिकून आहे. बखळ म्हणजे पडक्या किंवा रिकाम्या वाड्याची मोकळी जागा. तेव्हा एखाद्या घराण्याचा वाडा तेथे असल्याची ही खूण मानता येते.

नावाच्या रूपावरूनही काही अनुमान निघते. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात ‘नवीस’ हे पूर्ण रूप अधिक टिकले. सर गंगाधरराव चिटणवीस यांचे नागपूरचे घराणे सुपरिचित आहे, आणि फडणवीस हे रूपही तिकडे रूढ आहे. पुणे–सातारा भागात चिटणीस, फडणीस, पारसनीस अशी आखूड रूपे नेहमीची. ही विभागणी बिनचूक नाही, कारण पुण्याच्या नानांनाही फडणवीस म्हटले जाते. तरीही हसबनीस हे रूढ रूप आखूड वळणाचे आहे आणि त्याचा कल पश्चिमेकडे झुकतो. हुद्दा गडांवरील पायदळाशी निगडित होता हे मान्य केले, तर सह्याद्रीच्या गडपट्ट्यालगतचा देशावरील भाग हे या नावाचे मूळ क्षेत्र ठरते. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, तंजावर या मराठी दरबारांच्या शहरांत नीसान्त नावे कारकुनांच्या स्थलांतराबरोबर गेली. नोकरीनिमित्त मुंबईकडे आणि पुढे परदेशी झालेला प्रसार विसाव्या शतकातला असून तो इतर लेखणीबहाद्दर घराण्यांच्या प्रसारासारखाच आहे.

याद्यांवरून शोध घेताना रोमन लेखनामुळे घोटाळा होतो. ‘स’ आणि ‘ब’ यांनंतरचा अकार कोणी लिहितो, कोणी गाळतो. ‘नी’साठी कोणी एक वर्ण वापरतो, कोणी दोन. एकाच घरातील दोन भावांची पारपत्रे वेगळ्या लेखनाची असू शकतात, आणि यंत्र त्यांना दोन आडनावे समजते. म्हणून नोंदी आधी देवनागरीत आणून मग मोजणे श्रेयस्कर.