डोक्याचा मुका मार आणि स्वभावातला बदल

डोक्याला लागले, पण रक्त आले नाही, टाके पडले नाहीत, अशा माराला बोलीभाषेत मुका मार म्हणतात. कवटीच्या आत मेंदूला इजा झाली असेल तर हा मार उशिरा बोलतो, आणि पुष्कळदा माणसाच्या वागण्यातून बोलतो. सतत चिडचिड, अकारण रडू येणे, तासनतास गप्प बसणे, जिभेवरचा ताबा सुटणे, पैशांचा हिशेब न राहणे ही त्याची नेहमीची लक्षणे. घरच्यांना मात्र ती लक्षणे वाटत नाहीत. ‘माज आलाय’, ‘आजारपणात लाडावलाय’ असा अर्थ लावला जातो आणि उपचारांचे मोलाचे महिने निघून जातात.

मेंदूत काय होते

मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. लोकलने अचानक ब्रेक लावला की उभे प्रवासी जसे पुढे फेकले जातात, तसा धक्क्याने मेंदू आतल्या हाडावर आपटतो. मार एका बाजूला बसला तरी इजा विरुद्ध बाजूलाही होऊ शकते. डोळ्यांच्या खोबण्यांवरचे हाड आतून खडबडीत असते आणि मेंदूच्या पुढच्या भागाचा तळ नेमका त्यावर टेकलेला असतो. राग आवरणे, बोलण्याआधी थांबणे, एखादे काम आपणहून हातात घेणे ही या भागाची जबाबदारी. कानशिलांच्या आतला भागही असाच सापडतो. भीती, राग आणि आठवणी यांचा त्याच्याशी संबंध आहे.

धक्क्याने डोके गर्रकन फिरले तर मेंदूतले लांब तंतू ताणले जातात, तुटतात. ही इजा इतकी सूक्ष्म असते की साध्या सिटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ याचा अर्थ मोठा रक्तस्राव नाही, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागणार नाही, एवढाच. डिस्चार्जच्या घाईत हे कुणी नीट समजावत नाही. मग घरचे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे, तर हा असा का वागतो?

शुद्धीची पातळी मोजण्यासाठी १९७४ साली ग्लासगो शहरातल्या डॉक्टरांनी तयार केलेले मोजमाप आजही वापरतात. त्यात ३ ते १५ गुण असतात. १३ किंवा त्याहून जास्त गुण असतील तर मार ‘सौम्य’ धरतात. हा सौम्यपणा पहिल्या काही तासांतल्या शुद्धीपुरता आहे, पुढच्या संसारापुरता नाही.

फिनीअस गेज

मेंदूची इजा आणि स्वभाव यांचा संबंध ज्या एका माणसामुळे जगापुढे आला, तो अमेरिकेतला रेल्वेबांधणीचा मुकादम फिनीअस गेज. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि सुमारे सहा किलो वजनाची, मीटरभराहून लांब पहार त्याच्या गालातून शिरून कवटी फोडून बाहेर पडली. तो वाचला. पण आधीचा जबाबदार मुकादम शिवराळ आणि लहरी झाला. तो आता पूर्वीचा गेज राहिला नाही, असे त्याचे मित्र म्हणत. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच सोडून देतात, ते बरोबर नाही. पुढे त्याने चिलीमध्ये काही वर्षे घोडागाडी हाकली. ठरलेली वाट, ठरलेल्या वेळा आणि रोजचे तेच काम यांच्या आधाराने तो बराच सावरला असावा, असे आजचे काही अभ्यासक मानतात.

ठाणे आणि नवी मुंबई

या भागात मार बसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. घोडबंदर रस्त्यावर पावसाळ्यात खड्डा चुकवताना घसरलेली दुचाकी, ठाणे-बेलापूर रस्त्यावरची अवजड वाहने, बांधकामाच्या परांच्या. कळवा-मुंब्रा पट्ट्यात दारात लटकून प्रवास चालतो; ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारातले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. ठाण्याची दहीहंडीही यात येते. २०१२ मध्ये इथे नऊ थर लागले, १३.३४ मीटरचा विक्रम झाला. वरच्या थरावरून पडलेला गोविंदा ‘काही नाही झालं’ म्हणत पुन्हा उभा राहतो. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसणे सर्वांत घातक, हे पथकांनी मनावर घ्यायला हवे.

घरात दिसणारी चिन्हे

कळव्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात पाहिलेले सांगतो. दुचाकीवरून पडून चार महिने झालेला माणूस ओट्याशेजारी बसला होता. कढईतली फोडणी करपून घरभर धूर झाला, बायको बाहेरून धावत आली, याला पत्ता नाही. मग कुकरची शिट्टी झाली आणि त्याने दोन्ही कान दाबून हातातली ताटली भिरकावली. वास न येणे आणि राग न आवरणे पुष्कळदा जोडीने येतात, कारण वासाच्या नाजूक तंतूंच्या अगदी वरच मेंदूचा तो पुढचा भाग असतो. वास जात असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे, आणि घरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे.

रुग्णाला स्वतःतला बदल बहुधा कळतच नाही. ओपीडीत तो ‘बरं आहे’ म्हणतो. खरे काय ते बायकोला, आईला माहीत असते. त्यांना वेगळे बोलू द्यावे. काहींना मनात दुःख नसताना हुंदके येतात किंवा हसू थांबत नाही. यावर औषध आहे. उदासपणा तर फारच जणांना गाठतो, आणि मरणाचे विचार येत असतील तर थांबू नये. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र असते, मराठीतही बोलता येते.

वयस्कर माणसांची गोष्ट वेगळी. न्हाणीघरात साधे पडल्यावर दोन-चार आठवड्यांनी आजोबा गोंधळल्यासारखे, चिडके झाले, तर ‘वय झालं’ म्हणू नये. कवटीखाली रक्त हळूहळू साचलेले असू शकते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर धोका जास्त. कवटीला छोटी छिद्रे पाडून ते काढतात आणि माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. कोणत्याही वयात वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, फिट किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव दिसला तर लगेच रुग्णालय गाठावे.

उपचार आणि भरपाई

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जास्त होते, पण नंतरही चालू राहते. दारू पूर्ण बंद. शांत करणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यातल्या काही गोळ्यांनी गोंधळ वाढतो. न्यूरोसर्जनबरोबर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे लागते, आणि इथेच घरचे अडखळतात, कारण या भागात ‘ठाण्याला नेणे’ म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात नेणे. १९०१ पासूनच्या त्या रुग्णालयाच्या नावाची ही भीती अनेकांना उपचारांपासून दूर ठेवते, याचे वाईट वाटते.

अपघाताच्या दाव्यात हातपाय धड दिसतात म्हणून नुकसान कमी धरले जाण्याची भीती असते. शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात स्पष्ट केले. म्हणून वागण्यातल्या बदलाच्या तारीखवार नोंदी ठेवाव्यात.

घरात सर्वांत उपयोगी पडते ते वेळापत्रक. कळव्यातल्या त्या घरात फ्रिजवर वहीचा कागद चिकटवला आहे: सहाला उठणे, साडेसहाला चहा, सातला पाणी भरणे, कुकर लावायच्या आधी बाहेरच्या खोलीत जाणे.