ऐंशीचा आकडा: ट्रकचा वेग बांधण्यामागची पार्श्वभूमी

कुठल्याही ट्रान्सपोर्टनगरात शिरा, ‘डिझेल पंप कॅलिब्रेशन’ ही पाटी दिसतेच. आत टेस्ट बेंच, त्यावर इंजिनातून उतरवून आणलेला पंप बांधलेला, समोर काचेच्या मापी नळ्यांची रांग. मोटर फिरते, ठरलेल्या स्ट्रोकांमध्ये प्रत्येक नळीत किती डिझेल पडलं ते मिस्त्री वाकून बघतो, एक स्क्रू किंचित आवळतो, पुन्हा फिरवतो. सगळ्या नळ्या सारख्या भरल्या की तार ओवून शिशाचं सील दाबलं जातं. ट्रकवाल्यांच्या दोन-तीन पिढ्यांसाठी ‘कॅलिब्रेशन’ म्हणजे हे. इंजिनाच्या फेऱ्यांना आवर घालणारा ‘गव्हर्नर’ही त्याच पंपाच्या मागच्या डब्यात बसलेला. म्हणून २०१५ मध्ये केंद्र सरकारने नव्या मालवाहू गाड्यांना, गाडीचा वेग बहुतेकदा ताशी ८० किलोमीटरवर अडवणारा, स्पीड गव्हर्नर सक्तीचा केला तेव्हा दोन्ही शब्द लोकांच्या कानावरचे होते. वस्तू मात्र निराळी होती, आणि तिचं कॅलिब्रेशन तर त्याहून निराळं.

पंपातला गव्हर्नर मूळचा वाफेच्या काळातला. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनावर फिरते गोळे बसवले. इंजिन जोरात पळू लागलं की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप मिटू लागे. डिझेल पंपातही तेच तत्त्व आलं, फक्त वाफेच्या जागी डिझेल. जर्मनीत बॉश कंपनीने डिझेल पंपांचं उत्पादन १९२७ मध्ये सुरू केलं. आपल्याकडे १९५१ मध्ये पंप बनवणारी मायको कंपनी उभी राहिली आणि ‘मायको पंप’ हा ट्रकवाल्यांच्या बोलीतला शब्दच होऊन बसला. हा गव्हर्नर इंजिनाच्या फेऱ्या बांधतो. गाडी रस्त्यावर किती वेगाने चालली आहे, हे त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. इंजिन स्वतःला फाडून घेऊ नये, एवढंच त्याचं काम.

गंमत अशी, की जुन्या ट्रकचा रस्त्यावरचा वेगही त्यातूनच आपोआप बांधला जाई. हिशेब करून बघा. इंजिन मिनिटाला २,८०० फेऱ्यांवर अडवलंय, टॉप गिअर थेट आहे (इंजिनाच्या जेवढ्या फेऱ्या तेवढ्याच पुढच्या शाफ्टच्या), मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी जोडी, म्हणजे क्राउन-पिनियन, ४१ ला ६ दातांचं, आणि टायर एका फेरीत ३.२ मीटर पुढे जातो. म्हणजे चाक मिनिटाला साधारण ४१० वेळा फिरणार आणि गाडी तासाला ७९ किलोमीटरच्या आत राहणार. तेही सपाटीवर, कमी ओझ्याने. भरलेला माल आणि शंभर-सव्वाशे अश्वशक्ती यांच्या मेळात एवढा वेग येतो कुठला? त्यामुळे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने कलम ७१ आणि परिशिष्टात वेगमर्यादा घातल्या होत्या, तरी त्या पाळून घ्यायला यंत्र लागत नव्हतं. गाडीचा अशक्तपणाच पहारा देत होता.

हा पहारा पुढे हळूहळू उठत गेला. टर्बो आले, ओव्हरड्राइव्हचे गिअरबॉक्स आले, सुवर्ण चतुष्कोनाचे चौपदरी रस्ते आले. त्या क्राउन-पिनियनच्या जागी ४१ ला ७ दातांचं टाकलं, तर तेच इंजिन तेवढ्याच फेऱ्यांत गाडीला ९० च्या वर नेतं. पंपाचं सील जागच्या जागी, आणि वेग तेरा किलोमीटरने वाढलेला!

युरोपात हा प्रश्न आधी उभा राहिला, कारण तिथे रस्ते आणि इंजिनं दोन्ही आधी सुधारली. १० फेब्रुवारी १९९२ रोजी युरोपीय समुदायाने ९२/६ क्रमांकाचा निर्देश काढला. १२ टनांवरच्या मालगाड्या ताशी ९० किलोमीटरच्या वर जाता कामा नयेत, त्यासाठी वेगमर्यादक, म्हणजे तिथला स्पीड गव्हर्नर, बसवावा. पण त्याच निर्देशात पुढे असंही आहे, की यंत्र मात्र ८५ वर बसवायचं. कारण त्या काळच्या यंत्रांचा बसवलेला आकडा आणि गाडीचा खरा वेग यांत फरक पडू शकतो, हे त्यांनी कायद्यातच मान्य करून टाकलं. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं. यंत्र चुकणार हे गृहीत धरून त्या चुकीला कायद्यात जागा ठेवलेली. पुढे २००२ च्या निर्देशाने ही सक्ती साडेतीन टनांवरच्या गाड्यांनाही लागू केली आणि नव्या गाड्यांसाठी ती २००५ पासून आली.

तिथे हे निभावलं याचं श्रेय वेगमर्यादकाइतकंच त्याच्या शेजारच्या डब्याला द्यायला हवं. तो डबा म्हणजे टॅकोग्राफ. ड्रायव्हर किती तास चालवतो, कधी थांबतो, किती वेगाने जातो याची नोंद ठेवणारं हे यंत्र युरोपात वेगमर्यादकाच्या आधीपासून सक्तीचं होतं, आणि दर दोन वर्षांनी मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्ये त्याची तपासणी बंधनकारक होती. तिथे तीन आकडे काढतात. टायर एका फेरीत किती मीटर जातो, तो पहिला. एक किलोमीटर अंतरात गिअरबॉक्सवरचा सेन्सर किती पल्स (विजेचे ठोके) पाठवतो, तो दुसरा. आणि टॅकोग्राफ एक किलोमीटर म्हणजे किती पल्स समजतो, तो तिसरा. दुसरा आणि तिसरा जुळले पाहिजेत, एवढंच कॅलिब्रेशन. गाडी रिकामी हवी, टायरमध्ये कंपनीने सांगितली तेवढीच हवा हवी. मग तारीख, टायरचा साइज आणि हे आकडे लिहिलेली पट्टी गाडीत चिकटवून तिलाही सील. डिजिटल टॅकोग्राफ २००६ मध्ये आले तेव्हा परवानगी असलेल्या वेगाचा आकडाही त्यांच्या स्मृतीत नोंदवला जाऊ लागला.

पळवाटा तिथेही निघाल्याच. सेन्सरवर जोरदार लोहचुंबक चिकटवला की पल्स थांबतात. गाडी धावत असते आणि यंत्राच्या लेखी उभी असते. त्यावर उपाय म्हणून १ ऑक्टोबर २०१२ पासून नव्या गाड्यांच्या टॅकोग्राफला वेगाची खबर दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणाहूनही घ्यावी लागते. दोन्हींचं पटलं नाही तर नोंद होते.

कॅलिब्रेशनमधला बारीक फरक रस्त्यावर कसा दिसतो ते जर्मनीत बघावं. एक ट्रक ८९ वर बांधलेला, मागचा ९० वर. मागचा ओव्हरटेक करायला बाहेर पडतो आणि दोघे मिनिटांमागून मिनिटं शेजारी शेजारी धावत राहतात, मागे गाड्यांची रांग. जर्मन लोक याला ‘हत्तींची शर्यत’ म्हणतात. २००८ मध्ये हाम इथल्या उच्च न्यायालयाने असा ओव्हरटेक ४५ सेकंदांच्या आसपास उरकला पाहिजे असं म्हटलं. तासाला एका किलोमीटरच्या फरकाने ४५ सेकंदांत साडेबारा मीटर अंतर तुटतं, म्हणजे ट्रकची स्वतःची लांबीसुद्धा नाही. आणि मुळात जर्मनीच्या ऑटोबानवर अशा ट्रकना मर्यादा ८० चीच आहे, म्हणजे हे दोन्ही हत्ती कायदा मोडूनच शर्यत लावत असतात. जपानने २००३ पासून मोठ्या ट्रकना ९० वर बांधलं. तिथेही द्रुतगती मार्गावरची मर्यादा ८० होती, ती २०२४ मध्ये ९० करून टाकली.

आता आपल्याकडे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ वेगमर्यादेचं. त्याखालच्या १९८९ च्या केंद्रीय नियमावलीत नियम ११८ स्पीड गव्हर्नरचा. म्हणजे नियम युरोपच्या निर्देशाच्या आधीचा आहे, यात अभिमान वाटावा असं काही असेल तर ते इथेच संपतं. कारण कुठल्या गाड्यांना गव्हर्नर लावायचा हे राज्यांनी राजपत्रात जाहीर करायचं होतं, आणि राज्यांनी ते आपापल्या सवडीने, बहुधा बसगाड्यांपुरतं केलं. केरळात खासगी बसगाड्यांवरून यासाठी मोठी मोहीम झाली ती २०१३ मध्ये, ऋषिराज सिंह परिवहन आयुक्त असताना. ट्रकांकडे फारसं कुणी वळलं नाही.

यंत्र कसं असावं याचा तपशील एआयएस-०१८ या मानकात आला. या मानकांची समिती १९९७ मध्ये नेमली गेली आणि तिचं सचिवालय पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे आहे, कोथरूडच्या टेकडीवर. वेगमर्यादकाला मान्यता देणाऱ्या संस्थांत पुण्याची सीआयआरटी आणि नगरची व्हीआरडीई याही येतात. देशभरातल्या ट्रकच्या काचेमागे ठेवलेल्या गव्हर्नरच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेचं नाव दिसतं ते यामुळे.

मग आली १५ एप्रिल २०१५ ची अधिसूचना. १ ऑक्टोबर २०१५ पासून बनणाऱ्या वाहतूक गाड्यांना कारखान्यातच ८० वर बांधायचं. डंपर, टँकर, शाळेच्या बस आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना ६० वर. रुग्णवाहिका, अग्निशमन बंब, पोलीस गाड्या आणि लहान प्रवासी गाड्या वगळल्या. जुन्या गाड्यांचं काय, हे पुन्हा राज्यांवर सोडलं, आणि तिथेच घोळ झाला.

कारखान्यातल्या गाडीला वेग बांधणं सोपं. बीएस-४ च्या बऱ्याच आणि नंतर १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ इंजिनांत सगळा कारभार ईसीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, हातात असतो. ८० हा आकडा तिथे एका ओळीत लिहिलेला असतो आणि तो बदलायला कंपनीचा लॅपटॉप लागतो. जुन्या मायको पंपाच्या गाडीला मात्र बाहेरून डबा जोडावा लागतो. डिझेलच्या नळीत एक व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सला किंवा मीटरच्या केबलला एक सेन्सर, केबिनमध्ये एक छोटं यंत्र. वेग ठरलेल्या आकड्याला पोचला की व्हॉल्व्ह डिझेल अडवतो. चढावर ओव्हरटेक करताना तो नेमका त्या क्षणी अडवतो, अशी ड्रायव्हरांची तक्रार. डिझेल अडकत अडकत गेल्याने पंप खराब होतो, ही मालकांची. यातलं खरं किती आणि बहाणा किती, हे गाडीगणिक बदलतं. पण परिणाम सगळीकडे एकच झाला. पासिंगच्या दिवशी वायर जोडायची, प्रमाणपत्र काढायचं, आरटीओच्या फाटकाबाहेर आलं की फ्यूज काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात. पुढच्या पासिंगपर्यंत तो तिथेच.

फ्यूज जागेवर असला तरी एक गोष्ट उरतेच. हा डबा वेग मोजत नाही, तो पल्स मोजतो. गिअरबॉक्समधून निघणाऱ्या शाफ्टच्या एका फेरीला ८ पल्स धरा. वरच्या हिशेबातली गाडी, ४१ ला ६ दातांचं क्राउन-पिनियन आणि ३.२ मीटरचा टायर, एका किलोमीटरला सुमारे १७ हजार पल्स देते. बसवणाऱ्याने तोच आकडा भरला, सील लावलं, ठीक. सहा महिन्यांनी मालकाने ४१ ला ७ दातांचं क्राउन-पिनियन टाकलं. आता किलोमीटरला साडेचौदा हजारच पल्स येतात. डब्याला वाटतं गाडी ७८ वर आहे, रस्त्यावर ती ९१ वर असते. वायर तोडलेली नाही, सील शाबूत आहे, प्रमाणपत्र खरं आहे. ड्रायव्हरचं मीटरही त्याच सेन्सरवर असेल तर तेही ७८ च दाखवतं, म्हणजे तोही खोटं बोलत नाही.

टायरचं तसंच, पण उलट आणि थोडक्यात. नव्या टायरची नक्षी झिजून १३ मिलिमीटर गेली तर चाकाचा घेर अडीच टक्क्यांनी घटतो. ८० वर बांधलेली गाडी खऱ्या ७८ वर अडते. झिजक्या टायरवर कॅलिब्रेशन केलं आणि नंतर नवे टायर टाकले तर ८२. एवढी तफावत सोडून देण्याजोगी आहे. क्राउनची नाही. टायर किंवा क्राउन बदलला तर गव्हर्नरचे पल्स पुन्हा जुळवायला हवेत, हे गॅरेजातल्या पोरालाही समजावून सांगता येतं. पण पंप बेंचवर चढवून नळ्या बघणारी जी शिस्त या धंद्याने स्वतःहून उभी केली, तशी या डब्याभोवती उभी राहिली नाही. कारण उघड आहे. पंप बिघडला तर डिझेलचा खर्च वाढतो. गव्हर्नर बिघडला तर मालकाचं काहीच जात नाही, उलट फेरी लवकर होते.

६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने द्रुतगती मार्ग आणि चौपदरी रस्त्यांवरही मालगाड्यांना ८० चीच मर्यादा ठेवली, मोटारींना मात्र १२० आणि १०० दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये मालासकट ट्रकच्या एकूण वजनाची परवानगी वाढली, तीन आसांच्या गाडीला २५ टनांवरून २८.५. वेग तोच, वस्तुमान जास्त. या जोडीकडे गव्हर्नरच्या चर्चेत फारसं लक्ष दिलं गेलं नाही.

आणि नियम ११८ मधले काही शब्द राहिलेच. गव्हर्नर असा बसवावा की गाडी ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवताच येऊ नये, असं नियम म्हणतो, आणि लगेच पुढे जोडतो: उतार वगळता. ज्याने हे लिहिलं त्याला यंत्र नीट कळत होतं. गव्हर्नर डिझेल अडवतो, गाडी अडवत नाही. उतारावर गाडीला डिझेल लागतच नाही. युरोपच्या ट्रकलाही हे चुकलेलं नाही. पण तिथे ९० च्या वर मिनिटभराहून जास्त राहिलं की टॅकोग्राफ ते टिपून ठेवतो.

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना, किंवा नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येताना, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय जुनी आहे. गिअर सुटला की इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. वर भरलेला माल, खाली तापत चाललेले ब्रेक. काटा ८० ओलांडतो, डबा आपलं काम चोख करतो, व्हॉल्व्ह बंद करून डिझेल तोडतो. तोडतो ते अशा इंजिनाचं, जे तेव्हा काहीच ओढत नसतं.